परदेशातलं वादग्रस्त युद्ध, राजनैतिक बोलणी आणि नागरिकाची जबाबदारी: व्हिएतनामच्या आधारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्ध दुसऱ्याच्या देशात चाललेलं असतं, पण ते आपल्या सरकारने आपल्या नावावर छेडलेलं असतं. ते योग्य की अयोग्य यावरून घराघरांत वाद असतात. अशा वेळी बोलणी कुणी करायची आणि सामान्य माणसाच्या वाट्याला नेमकं काय येतं, याबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाच्या आधारे दिली आहेत.

प्रश्न: इतकी युद्धं झाली, मग व्हिएतनामच का?

कारण त्याचे कागद बाहेर आले आहेत. चालू युद्धात आपण दोन्हीकडच्या प्रवक्त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. व्हिएतनामच्या बाबतीत कुठल्या दिवशी कुणाला काय ठाऊक होतं आणि त्याने लोकांना काय सांगितलं, हे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतं. शिवाय युद्धाच्या काळात नागरिक जे जे करू शकतो, ते जवळजवळ सगळं तिथे कुणी ना कुणी करून पाहिलं आणि त्याचे परिणामही भोगले.

प्रश्न: बोलणी झालीच नाहीत, म्हणून युद्ध लांबलं का?

बोलण्यांना तोटा नव्हता. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेने १७ व्या अक्षांशावर देशाची कम्युनिस्ट उत्तर आणि कम्युनिस्टविरोधी दक्षिण अशी तात्पुरती विभागणी केली आणि जुलै १९५६ मध्ये देशभर निवडणुका घ्यायचं ठरवलं. त्या झाल्या नाहीत. पुढे युद्ध पेटत गेलं तसे मध्यस्थही वाढत गेले. कॅनडाचे ब्लेअर सीबॉर्न १९६४ पासून वॉशिंग्टनचे निरोप घेऊन उत्तरेच्या राजधानीला, हनोईला, जात होते. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी त्याच वर्षी रंगूनमध्ये गाठभेट घडवायची खटपट केली, पण अमेरिकेने ती पुढे जाऊ दिली नाही.

१९६६ चं एक प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. ‘मॅरिगोल्ड’ हे त्याचं सांकेतिक नाव. जिनिव्हा करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगावरचे पोलंडचे प्रतिनिधी यानुश लेवांडोव्स्की दक्षिणेची राजधानी सायगाव आणि हनोई या दोन्ही ठिकाणी जाऊ शकत. सायगावमधले इटलीचे राजदूत जोव्हानी दोर्लांदी यांच्या घरी ते अमेरिकन राजदूत हेन्री कॅबट लॉज यांना गुपचूप भेटायचे. नोव्हेंबरअखेर लेवांडोव्स्की हनोईला जाऊन पंतप्रधान फाम व्हान डाँग यांना भेटून आले. डिसेंबरात वॉर्सामध्ये अमेरिकन आणि उत्तर व्हिएतनामी राजदूतांनी समोरासमोर बसायचं, इथपर्यंत गाडी आली. आणि नेमक्या त्याच सुमाराला, २ आणि ४ डिसेंबरला, अमेरिकन विमानांनी हनोईच्या परिसरात बॉम्ब टाकले. या हल्ल्यांना परवानगी आधीच मिळालेली होती, हवामान खराब म्हणून ते लांबले होते. पोलंडने इशारा दिला, तरी १३ आणि १४ डिसेंबरला पुन्हा हल्ले झाले. बोलणी तिथेच बारगळली. नंतर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी हनोईभोवतीचा पट्टा हल्ल्यांतून वगळला, पण तोवर वॉर्सातलं दार बंद झालं होतं.

हा कुणाचा कट होता असं मानायची गरज नाही. लष्कराचं वेळापत्रक एकीकडे, परराष्ट्र खात्याचं दुसरीकडे, आणि दोन्हींची सांगड घालायला कुणालाच सवड नाही, एवढंच झालेलं दिसतं. मला तर हे कटापेक्षा वाईट वाटतं.

प्रश्न: १९६७ मध्ये तरी शहाणपण आलं का?

फारसं नाही. त्या वर्षी हार्वर्डमधले प्राध्यापक हेन्री किसिंजर यांनी, सरकारच्या संमतीने पण कुठलंही पद नसताना, दोन फ्रेंच माणसांमार्फत संधान बांधलं. त्यांतले रेमों ओब्राक यांच्या घरी हो ची मिन्ह १९४६ मध्ये पाहुणे म्हणून राहिले होते आणि त्यांच्या मुलीचे धर्मपिता झाले होते. दुसरे जीवशास्त्रज्ञ एर्बेर मार्कोविच. जुलैमध्ये दोघे हनोईला जाऊन आले. ऑगस्टमध्ये पुन्हा जायचं ठरलं, पण हनोईवरचे हल्ले वाढले आणि व्हिसा नाकारला गेला. गेल्या वर्षीचाच प्रयोग, फक्त पात्रं नवी.

प्रश्न: पण बॉम्बफेकीच्या दबावामुळेच शत्रू टेबलाशी येतो ना?

हा युक्तिवाद प्रत्येक युद्धात ऐकू येतो, म्हणून तारखा पाहू. ऑक्टोबर १९७२ मध्ये, तोवर अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार झालेले किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामच्या बाजूने बोलणी करणारे ले डुक थो यांच्यात कराराचा मसुदा जवळपास ठरला होता. अडून बसले ते अमेरिकेचे मित्र, सायगावचे अध्यक्ष थ्यू. त्यानंतर १८ ते २९ डिसेंबर या काळात हनोई आणि हायफाँगवर बी-५२ विमानांनी मारा झाला. बाक माई इस्पितळ उद्ध्वस्त झालं, खाम थियेन रस्त्यावरची घरं जमीनदोस्त झाली. व्हिएतनामी नोंदींनुसार सोळाशेहून जास्त नागरिक मेले. २७ जानेवारी १९७३ ला पॅरिसमध्ये सही झालेला करार ऑक्टोबरच्या मसुद्यापेक्षा फार वेगळा नव्हता. किसिंजर यांचे सहायक जॉन नेग्रोपोंटे यांनी याचं जे वर्णन केलं त्याचा आशय असा, की आपणच दिलेल्या सवलती उत्तर व्हिएतनामने स्वीकाराव्यात म्हणून आपण त्यांच्यावर बॉम्ब टाकले.

उलट बाजूही आहे. नुसतं ‘आम्ही शांततेला तयार आहोत’ म्हणणं फुकट असतं. डिसेंबर १९६५ च्या अखेरीपासून जॉन्सन यांनी ३७ दिवस बॉम्बफेक थांबवली आणि जगभर दूत पाठवले. त्यात कृष्णशिष्टाईचा भाग बराच होता: युद्ध टळणार नाही हे मनात पक्कं, पण प्रयत्न केल्याचं जगाला दिसलं पाहिजे. हनोईलाही तेव्हा मैदानात जिंकण्यातच रस होता, हे विसरता येत नाही.

प्रश्न: टेबलाच्या आकारावरून महिने घालवले, हे खरं आहे का?

खरं आहे. पॅरिसची औपचारिक बोलणी मे १९६८ मध्ये सुरू झाली. वर्षअखेरीला त्यात सायगाव सरकार आणि दक्षिणेतली कम्युनिस्टप्रणीत राष्ट्रीय मुक्ती आघाडी यांनाही घ्यायचं ठरलं आणि घोडं अडलं. चौकोनी टेबल म्हणजे चार समान पक्ष, म्हणजे मुक्ती आघाडीला मान्यता. सायगावला ते नको. समोरासमोर दोन बाजू म्हणजे आघाडी हनोईची शेपटी. हनोईला ते नको. सुमारे दहा आठवड्यांनी तोडगा निघाला: मधोमध एक गोल टेबल, त्यावर झेंडे नाहीत, नावाच्या पाट्या नाहीत, आणि चिटणिसांसाठी दोन समोरासमोरच्या बाजूंना दोन आयताकृती टेबलं, गोल टेबलापासून सुमारे ४५ सेंटीमीटर अंतरावर. ज्याला दोन बाजू पाहायच्या त्याने दोन पाहाव्यात, ज्याला चार पाहायच्या त्याने चार.

लोक याला हसले, पण वाद फर्निचरचा नव्हताच. दक्षिण व्हिएतनाममध्ये राज्य कुणाचं, हाच युद्धाचा मूळ प्रश्न टेबलाचा वेष घालून आला होता. चीड यायला हवी ती वेगळ्या गोष्टीची: हे गुऱ्हाळ चालू असताना रोज माणसं मरत होती आणि मरणाऱ्यांपैकी एकालाही त्या दालनात खुर्ची नव्हती.

प्रश्न: भारत यात कुठे होता?

जिनिव्हा कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगात भारत, कॅनडा आणि पोलंड होते, अध्यक्षपद भारताकडे. जून १९६२ च्या अहवालात भारत आणि कॅनडाने दोन्हीकडे बोट दाखवलं: उत्तरेकडून दक्षिणेत माणसं आणि शस्त्रं घुसवली जात आहेत, आणि दक्षिणेने अमेरिकेशी प्रत्यक्षात लष्करी युतीच केली आहे. पोलंडला पहिला भाग मान्य नव्हता. असा अहवाल कुणालाच नको असतो, म्हणूनच तो महत्त्वाचा.

मग १९६६ आलं. दुष्काळ, अमेरिकन गव्हाची जहाजं, आणि त्याच वेळी इंदिरा गांधींनी बॉम्बफेक थांबवण्याची केलेली मागणी. जॉन्सन गव्हाचा पुरवठा हात आखडून, महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडत होते. भारत म्हणतो तेच पोप आणि ऊ थांटही म्हणतात, असं कुणीतरी सुचवल्यावर ‘त्यांना आपला गहू लागत नाही’ असं जॉन्सन म्हणाल्याचा किस्सा सांगितला जातो. मध्यस्थ तटस्थ असला तरी त्याचं पोट तटस्थ नसतं.

प्रश्न: सामान्य नागरिकाने परस्पर शत्रुराष्ट्राशी बोलणी करणं कायद्यात बसतं का?

अमेरिकेत १७९९ चा लोगन कायदा आहे. सरकारच्या परवानगीशिवाय परराष्ट्राशी वादाबाबत संधान बांधून त्याच्या धोरणावर प्रभाव टाकू पाहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सव्वादोनशे वर्षांत त्याखाली आरोपपत्रं दाखल झाली ती दोनदा, १८०३ आणि १८५२ मध्ये. शिक्षा एकालाही नाही. म्हणजे कायदा कोर्टात वापरण्यापेक्षा धाक दाखवायला जास्त कामाला आला.

गंमत अशी की या कायद्याच्या सर्वांत जवळ जाणारं कृत्य कुठल्या शांतिवाद्याने केलं नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये, अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार असलेल्या निक्सन यांच्या प्रचारयंत्रणेने पक्षासाठी निधी गोळा करणाऱ्या ॲना शेनॉल्ट यांच्यामार्फत सायगावला निरोप धाडला: थांबा, आमच्या राज्यात तुम्हाला चांगल्या अटी मिळतील. ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी उत्तरेवरची बॉम्बफेक थांबवत असल्याचं जाहीर केलं, २ नोव्हेंबरला थ्यू यांनी पॅरिसला यायला नकार दिला आणि काही दिवसांत निक्सन निवडून आले. जॉन्सन यांना गुप्त ध्वनिमुद्रणातून हे कळलं होतं, तरी ते जाहीरपणे बोलले नाहीत. निक्सन आयुष्यभर हात झटकत राहिले. त्यांचे सहकारी हॉल्डमन यांच्या हस्ताक्षरातली टिपणं २०१६ च्या अखेरीस प्रकाशात आली, तेव्हा त्या नकाराला फारसा अर्थ उरला नाही. थ्यू यांना न येण्याची स्वतःची कारणंही होती, त्यामुळे या निरोपाने शांतता हुकली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण प्रयत्न झाला, हे खरं.

प्रश्न: मग हनोईला गेलेले अमेरिकन नागरिक देशद्रोही होते का?

सगळ्यांना एका तागडीत तोलू नये. डिसेंबर १९६५ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक स्टॉटन लिंड दोन सोबत्यांसह गेले आणि परतल्यावर त्यांचा पासपोर्ट रद्द झाला. डिसेंबर १९६६ मध्ये पत्रकार हॅरिसन सॉल्झबरी गेले. फक्त लष्करी ठिकाणांवर अचूक मारा होतो असं सरकार सांगत होतं, त्यांनी पडलेली घरं पाहून लिहिलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये पाद्री डॅनियल बेरिगन आणि इतिहासकार हॉवर्ड झिन तीन युद्धकैदी वैमानिकांना सोडवून घेऊन निघाले. लाओसमध्ये व्हिएन्टियानला विमान टेकताच अमेरिकन राजदूत आत आले, आणि वैमानिकांची पुढची रवानगी लष्करी विमानाने झाली. सुटकेचं श्रेय कुणाच्या पदरात पडू नये, याची सरकारला कैद्यांहून जास्त काळजी होती, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो. नंतरच्या काळात कोरा वाइस यांच्या समितीने कैदी आणि त्यांच्या घरच्यांमध्ये पत्रांची ने-आण केली. हे काम कुणाला देशद्रोह वाटत असेल तर त्याने त्या कैद्यांच्या आयांना विचारावं.

अभिनेत्री जेन फोंडा यांची जुलै १९७२ ची भेट मात्र वेगळी. विमानविरोधी तोफेवर बसून काढलेला फोटो आणि हनोई रेडिओवरची भाषणं. त्या तोफा ज्यांच्यावर चालत, ते त्यांच्याच देशाचे वैमानिक होते. फोटोबद्दल त्यांनी पुढे माफी मागितली. शिवाय या पाहुण्यांना कैदी कुठले दाखवायचे हे यजमान ठरवत. कैद्यांचा छळ झाला होता, विशेषतः १९६९ पर्यंत, आणि काही पाहुण्यांनी ‘सगळं ठीक आहे’ असं सांगून त्यावर पांघरूण घातलं. साक्षीदार म्हणून जाणं आणि दुसऱ्या बाजूचा प्रवक्ता होऊन परतणं यांतली रेघ इथे आहे.

प्रश्न: मी फक्त कर भरतो आणि मत देतो. मग मी दोषी कसा?

दोषी नाही, जबाबदार. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याच देशबांधवांसमोर ही फोड केली. गुन्ह्याचा दोष ज्याने तो केला त्याचा, आणि त्याचा निवाडा कोर्टात. राजकीय जबाबदारी मात्र त्या राज्याच्या प्रत्येक नागरिकावर येते, त्याने मत कुणालाही दिलेलं असो. नैतिक दोषाचा हिशेब ज्याचा त्याने स्वतःपाशी करायचा. लोकशाहीत ही राजकीय जबाबदारी जास्तच जड, कारण बोलायची सोय असते.

करांचं उदाहरण अगदी हाताला लागण्यासारखं आहे. १९६६ मध्ये युद्धखर्चासाठी टेलिफोनवरचा केंद्रीय कर पुन्हा १० टक्के करण्यात आला. अनेकांनी बिलाची बाकी रक्कम भरली आणि कराचे तेवढे पैसे कापून सोबत चिठ्ठी जोडली. रक्कम किरकोळ, आणि महसूल खातं ती बँक खात्यातून वसूल करू शके. पण युद्धाचं बिल आपल्या घरी येतं हे लोकांना दिसलं.

प्रश्न: सक्तीच्या लष्करभरतीला नकार देणं ही जबाबदारी की पळवाट?

नकार देऊन किंमत मोजणाऱ्याला पळपुटा म्हणता येत नाही. मुहम्मद अली यांनी २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये भरतीला नकार दिला. जगज्जेतेपद गेलं, उमेदीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा ८ विरुद्ध ० मतांनी रद्द केली. महाविद्यालयात नाव असलेल्यांना सवलत आणि गरिबाच्या पोराला बूट, हा अन्याय वेगळाच. आणि १८ व्या वर्षी बंदूक हातात, पण मत २१ व्या वर्षी, हे १ जुलै १९७१ च्या घटनादुरुस्तीपर्यंत चाललं.

प्रश्न: सरकारी नोकरीत किंवा सैन्यात असलेल्याने काय करावं?

१६ मार्च १९६८, दक्षिण व्हिएतनाममधलं माय लाय गाव. अमेरिकन सैनिक गावकऱ्यांना गोळ्या घालत असताना हेलिकॉप्टरचे पायलट ह्यू थॉम्पसन यांनी सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवलं आणि आपल्या तोफचींना सांगितलं, आपल्या लोकांनी यांच्यावर गोळी चालवली तर तुम्ही त्यांच्यावर चालवा. त्या दिवशी ५०४ माणसं मेली असं व्हिएतनाम सांगतो, अमेरिकन लष्कराचा आकडा ३४७. प्रकरण वर्षभर दडलं. रॉन रिडेनहावर हा सैनिक तिथे नव्हताच. सोबत्यांकडून ऐकलेलं त्याने जोडून घेतलं आणि मार्च १९६९ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना पत्रं धाडली. थॉम्पसन यांना शौर्यपदक मिळालं ते १९९८ मध्ये.

यातला बोचणारा भाग पुढचा. मार्च १९७१ मध्ये लेफ्टनंट विल्यम कॅली यांना शिक्षा झाली, तेव्हा बहुसंख्य अमेरिकन नागरिक निकालाच्या विरोधात होते. ‘जनता’ नेहमी सरकारपेक्षा शहाणी असते, ही समजूत इथे सोडावी लागते.

दुसरं उदाहरण सरकारसाठी काम केलेले विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांचं. संरक्षण खात्याने तयार केलेला व्हिएतनाम युद्धाचा ४७ खंडांचा गुप्त इतिहास त्यांनी वृत्तपत्रांकडे पोहोचवला आणि १३ जून १९७१ पासून तो छापून येऊ लागला. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी छापायचा हक्क मान्य केला. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की बोलण्यांबद्दलचे चार खंड त्यांनी मुद्दाम दिले नाहीत. चालू वाटाघाटींना धक्का लागू नये, हे कारण. सरकारचं खोटं उघडं पाडायचं पण शांततेची वाट बुजवायची नाही, हा विवेक मला पुष्कळ भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो.

प्रश्न: निषेध मोर्च्यांमुळे शत्रूचं बळ वाढतं आणि शांतता लांबते, हे खरं का?

थोडं खरं. अमेरिकेतल्या असंतोषावर हनोईची नजर होतीच. पण दुसरी बाजूही पाहा. १९६९ मध्ये निक्सन यांनी १ नोव्हेंबरची मुदत घालून हनोईला मोठ्या हल्ल्याचा गुप्त इशारा दिला होता. १५ ऑक्टोबरला देशभर लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि तो बेत बासनात गेला. निक्सन यांनी पुढे स्वतःच लिहिलं, की या निषेधाने त्यांच्या इशाऱ्याची धार गेली. मोर्चेकऱ्यांना इशाऱ्याचा पत्ताही नव्हता.

माझं मत सरळ आहे. वाटाघाटी करणं हे नागरिकाचं काम नव्हे. वाटाघाटी टाळणं आपल्या सरकारला महाग पडेल असं करणं, हे त्याचं काम. हनोईवर अमेरिकन मतदाराचा काडीचा अधिकार नव्हता, आपल्या काँग्रेस सदस्यावर होता.

प्रश्न: काँग्रेसने काय केलं?

आधी मान डोलावली. ४ ऑगस्ट १९६४ ला टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर झाल्याचा सांगितलेला दुसरा हल्ला प्रत्यक्षात झालाच नव्हता, पण ७ ऑगस्टला अध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ असा मंजूर झाला. ते दोघे म्हणजे वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. १९६८ च्या निवडणुकीत दोघांच्याही जागा गेल्या. लोकमत फिरल्यावर मात्र काँग्रेसने थैलीचं तोंड आवळलं: १५ ऑगस्ट १९७३ नंतर इंडोचायनात लढाईला पैसा नाही. त्याच नोव्हेंबरात निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून युद्धाधिकारांचा कायदा झाला. सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवायचं, मंजुरी नसेल तर ६० दिवसांनंतर आवरतं घ्यायचं.

प्रश्न: आपल्या सरकारवर टीका करताना दुसऱ्या बाजूच्या अत्याचारांवर बोलायचं की नाही?

बोलायचं. १९६८ मध्ये दक्षिणेतलं ह्यू शहर ताब्यात असताना कम्युनिस्ट फौजांनी मोठ्या संख्येने लोकांना ठार केलं. १९६७ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांच्या पुढाकाराने भरलेल्या लोकन्यायालयाने फक्त अमेरिकेचीच बाजू तपासली, आणि तिथे मांडलेल्या खऱ्या पुराव्यालाही त्यामुळे गालबोट लागलं. उलट युद्धविरोधी गायिका जोन बाएझ पाहा. डिसेंबर १९७२ मध्ये त्या हनोईत बॉम्बखाली होत्या. १९७९ मध्ये त्यांनीच व्हिएतनाम सरकारच्या छळछावण्यांविरुद्ध वृत्तपत्रांत जाहीर पत्र छापलं. जुन्या सोबत्यांनी त्यांना फैलावर घेतलं.

प्रश्न: करार झाला म्हणजे जबाबदारी संपली का?

१९७३ च्या कराराने अमेरिकन सैन्य परतलं, कैदी सुटले, पण लढाई थांबली नाही. ले डुक थो यांनी नोबेल पुरस्कार नाकारला, तो शांतता प्रस्थापितच झालेली नाही या कारणाने. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. निक्सन यांनी फेब्रुवारी १९७३ मध्ये पुनर्बांधणीसाठी ३.२५ अब्ज डॉलरचं लेखी आश्वासन दिलं होतं, ते पैसे गेले नाहीत. त्याऐवजी व्यापारबंदी आली, ती १९९४ पर्यंत. राजनैतिक संबंध जुळले १९९५ मध्ये.

मेलेल्यांचे आकडेही तेव्हाच स्पष्ट होत गेले: अमेरिकेचे ५८,२२० सैनिक, आणि व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे त्यांच्या बाजूचे ११ लाख लढवय्ये आणि दोन्ही भागांतले सुमारे २० लाख नागरिक.

जमिनीत राहिलेल्या न फुटलेल्या बॉम्बांचं काम अजून चालू आहे. क्वांग त्रि प्रांतात २००१ पासून स्थानिक प्रशासन आणि परदेशी संस्था मिळून ते करत आहेत, आणि त्यात तिथे लढलेले काही अमेरिकन सैनिकही पुढे होते. अमेरिकेने झाडी नष्ट करायला फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकातल्या डायॉक्सिन या विषाची सफाई दा नांग विमानतळावर २०१२ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये पुरी झाली. त्यानंतर बियेन होआचा तळ हाती घेतला गेला, तिथली माती त्याहून कितीतरी जास्त आहे. खर्चाचा मोठा वाटा अमेरिकन करदात्याचा. त्यांतल्या बहुतेकांचा जन्म युद्धानंतरचा.